इंग्रजाची बंदूक आणि फ्रेंच कोट

वाबाशकाठ, इंडियाना
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

डेलबर्टदादा,

आणि वर फोनवर म्हणतोस कसा, की एवढं काय त्यात, नुसतं बंदुकीचं एक किट तर निवडायचंय. तुझं काय जातं म्हणायला? ते किटांच्या चित्रांचं पुस्तक वेंडेलला धाडलंस आणि तिकडे टेनेसीत पाय पसरून बसलास. इथे माझ्या जेवणाच्या टेबलाचा भंगारबाजार झालाय. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून मी आणि वेंडेल, आम्ही नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवतोय, कारण टेबलावर पुठ्ठ्याच्या बंदुका कापून मांडल्यात आणि त्यांना धक्का लागता कामा नये. (तुझा गुडघा कसा आहे? नेटीवहिनीला नमस्कार सांग, तिच्या लोणच्याची बरणी परत द्यायची राहिलीय ते माझ्या ध्यानात आहे. मी बरी आहे. भुवईचं पुढे सांगते.)

वेंडेलला ठासणीची बंदूक हवीय, तीही आतून गुळगुळीत नळीची. घरात आहे तिच्या नळीला आतून आटे आहेत, म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांची सोंगं घेऊन तंबूत राहतात त्या मेळाव्यातल्या गुळगुळीत नळीच्या नेमबाजीच्या शर्यतीत तिला कोणी उभं करत नाही. बरं, तयार बंदूक आणावी, तर नाही. किट आणायचं. म्हणजे अर्धवट कोरलेलं लाकूड, एक नळी, चकमकीचा खटका आणि मूठभर पितळ. बाकी सगळं तुम्ही घासा, तासा, तेल पाजा. हे कोण करणार, वेंडेल? ज्याने होडीचं किट आणलं आणि आता त्या होडीत माझ्या कोंबड्या अंडी घालतात, तो? भिंतीवरच्या घड्याळाचं किट आणलं तर त्यातला कोकीळ अजून स्वयंपाकघराच्या खणात चमच्यांबरोबर निजतोय. मी शाळा आठवीत सोडली, पण पुरं न होणारं काम मला लांबून ओळखू येतं.

आणि निवडतो कसा, ते बघायला हवं होतंस. झाडू खांद्याला लावून आरशासमोर उभा राहतो, डोळा मिटतो, आणि म्हणतो, ही इंग्रजी वळणाची. मग झाडू बोटभर खाली घेतो, ही फ्रेंच. मी झाडायला झाडू मागितला तर म्हणाला, थोडं थांब, अजून माझं ठरत नाहीये. शेवटी ठरलं ते इंग्रजी, का तर त्या लाकडावर वाघासारखे पट्टे आहेत. मी म्हटलं, अरे, पण तू मेळाव्यात फ्रेंच शिकारी होऊन जातोस ना? मी त्याचा फ्रेंच कोट अख्खा हिवाळा बसून हाताने शिवला. हातानेच, कारण छावणीचा म्होरक्या एल्डन प्रुइट (तोंड बघ त्याचं, आंबट सफरचंद खाल्ल्यासारखं) कोट उलटे करून शिवण तपासतो. मशीनचा एक टाका दिसला की चारचौघांत बोलून दाखवतो, आणि बंदूकसुद्धा माणूस ज्या देशाचा झालाय त्या देशाची आहे का ते बघतो. तर वेंडेल त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, माझ्या फ्रेंच शिकाऱ्याने ही बंदूक एका मेलेल्या इंग्रजाकडून घेतली असं समजा. एल्डनने मान हलवली.

"वेंडेल, गेल्या वर्षी अर्ध्या छावणीने तोच एक इंग्रज मारला होता. बिचाऱ्याला आता तरी पुरू द्या."

दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला एल्डन आवडला. पण वेंडेलने काय करावं? बंदूक बदलायची सोडून माणूसच बदलला. आता तो इंग्रज जमीनदार होणार म्हणे, आणि मी त्याला नवा कोट शिवायचा, त्याची काजं हाताने करायची, आणि फ्रेंच कोट पेटीत जायचा. मी कात्री टेबलावर ठेवली (पुठ्ठ्याच्या बंदुकीवर, मुद्दाम) आणि शिवणार नाही म्हणून सांगितलं.

भुवईचं सांगायचं राहिलं. शरदातल्या मेळाव्यात बायकांची शर्यत होती. मी एल्डनकडून बंदूक मागून घेतली. मी डावखुरी, आणि खटका सगळ्यांच्या बंदुकीला उजव्या अंगाला, म्हणजे थेट माझ्या तोंडापाशी. चाप ओढला तशी खटक्यातली रंजकेची दारू भडकली आणि डावी भुवई गेली. पण खुंटीवरचं अंडं फुटलं. ते कोणी बघितलंच नाही, सगळे भुवईला हसत होते. वेंडेल सगळ्यांत मोठ्याने.

"ओपल, डाव्या हाताला कालथाच बरा."

असो. तो आपला नवराच आहे. आता त्याला तूच समजाव की या वयात बंदुका घडवायच्या नसतात, गुमान मक्याचा पाव आणि घेवडा खाऊन झोपायचं असतं. तुझं ऐकतो तो.

तुझी बहीण,
ओपल

ता. क. समजावू नकोस. किटवाला म्हातारा तुमच्याच गावचा, फोन उचलत नाही, म्हणून वेंडेल आपली मापं तुझ्याकडेच धाडणार, याच डाकेने. ती चुलीत घाल. म्हाताऱ्याला सांग, फ्रेंच किट दे, खटका डाव्या अंगाला बसव, आणि खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता सोबतच्या दोऱ्याएवढा ठेव. कोट शिवून उरलेला दोरा आहे, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत मोजलाय, गाठ आहे तिथे थांबायचं. घासणं, तासणं मीच करीन, नाहीतर त्यातही कोंबड्या बसतील. वेंडेल चिडेल. चिडू दे, त्याला त्याची जुनी आट्यांची बंदूक आहे.

ता. क. दुसरा. फ्रेंच कोट मी अंगात घालून बघितला. दोन बोटं सैल होतो, बाकी ठीक. भुवई अर्धी आलीय, मेळाव्यापर्यंत पुरी येईल. म्हातारा हो म्हणाला की नाही ते मला येत्या शुक्रवारच्या आत कळव. पाकिटावर माझं नाव नेटीवहिनीच्या अक्षरात घाल. तिची पत्रं वेंडेल उघडत नाही, त्यात लोणच्याची कृती असते असं त्याला वाटतं.