मोर्चातला तुझा चेहरा

माय, त्या फोटोविषयी मी तुझ्याशी कधीच धड बोलले नाही. तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली.

दुष्काळाचं साल होतं. मी धारूरच्या एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे, आणि कुठं मोर्चा असला की मालकांचा कॅमेरा घेऊन जिल्ह्याच्या पेपरासाठी फोटो आणायचे. तू सहकारी दूध संघात कॅन धुवायचीस. आपल्या वस्तीचा टँकर रोज संघाच्या हौदात रिकामा व्हायचा, त्याच पाण्यानं तू दिवसभर कॅन विसळायचीस आणि घरी यायचीस ती कोरड्या घागरीकडं. एकदा मी म्हणाले, "येताना एक कळशी तरी आण की." तू केवढ्यानं ओरडलीस, "चोरून कावून आणू? आपल्या वाट्याचं हाय. मागून घिऊ."

तहसीलवर बायांचा घागर मोर्चा निघाला तेव्हा तू येशील असं वाटलं नव्हतं. मोर्चा संघाच्या विरोधात, आणि आपली चूल संघाच्या पगारावर. मी रस्त्याकडेच्या ओट्यावर उभी राहून फोटो काढतेय, तेवढ्यात घोळक्यात नाकापर्यंत पदर ओढलेली एक बाई दिसते. चालीवरून ओळखते. तूही मला बघतेस. "वर कावून उभी ऱ्हायलीस? खाली ये, चाल आमच्या संग." मी कॅमेरा गळ्यात अडकवून उतरते, तुझ्या बाजूनं चालते, घसा बसेपर्यंत घोषणा देते. फाटकाशी पोलिसांनी अडवलं. साहेब नाहीत म्हणाले. तू सगळ्यांच्या पुढं झालीस. "न्हाईत तर आमी हितंच बसतो!" ओरडताना तुझा पदर खांद्यावर उतरला, घागर दोन्ही हातांनी वर धरलेली. मी बाजूला सरकून फोटो घेतला.

स्टुडिओत येऊन फिल्म धुतली. दोन फोटो बरे होते. एकात नुसत्या घागरी आणि बायांच्या पाठी. दुसऱ्यात तू. मी दुसरा पाठवला.

पेपर आला त्याच दिवशी चेअरमननं तुला बोलावलं. तुझ्याबरोबर कॅन धुणाऱ्या मावशींनी मला हे पुढं सांगितलं. टेबलावर पेपर टाकून तो म्हणाला, "ही तू न्हाईस असं म्हण, मी विषय सोडतो." तू म्हणालीस, "मीच हाय. खोटं कशाला बोलू?" झालं. दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढं बसून विचारलंस, "कुनी काढला गं ह्यो फोटू?" मी म्हणाले, "पेपरवाल्यांचा कुणीतरी असंल." तू माझ्याकडं बघितलंस आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलंस. मग म्हणालीस, "लई चांगला आलाय पन."

आठ दिवसांनी टँकर वस्तीवर यायला लागला. बाया तुझं नाव घेऊन पाणी भरायच्या. दिवाळीनंतर तू मामा-मामींबरोबर ऊसतोडीला गेलीस. टोळीत तुझ्या वयाची दुसरी बाई नव्हती. दोन हंगाम मोळ्या वाहिल्यास आणि तिसऱ्याला कंबर गेली. खाटेवरच्या त्या दिवसांत मी रोज ठरवायचे, आज सांगू. तू कूस बदलायला हात मागायचीस, मी हात द्यायचे आणि सांगायचं उद्यावर टाकायचे. तुला कळलं होतं का, हेही विचारायचं राहिलं.

अजून मी मोर्चांत जाते. चालते, फोटोही काढते. चेहरा दिसणार असेल तर बाईला आधी विचारते. परवा केजला एकीनं नको म्हटलं, मी कॅमेरा खाली घेतला. सोबतची पोरं म्हणतात, ताई फार जपून काम करतात.

हे पत्र कुठं पाठवणार? तरी एक लिहून ठेवते. त्या दिवशी फोटो ओला होता, वाळेपर्यंत वेळ होता, आणि स्टुडिओपासून आपली वस्ती सायकलवर अर्ध्या तासाची. मला येता आलं असतं. आले नाही, कारण तू नको म्हणशील अशी भीती वाटली, आणि फोटो खरंच लई चांगला आला होता.