घरच्यांना दाखवण्याजोगा सिनेमा

नागपूर,
दि. १० फेब्रुवारी १९७४

ती. सौ. सिंधूताईस,
रुपरावचा शि. सा. न. वि. वि.

परवा शुक्रवारी सकाळी आंघोळ-पूजा उरकून मी इतवारीतल्या दुकानात न जाता थेट सीताबर्डीला गेलो आणि नव्या सिनेमाच्या रांगेत उभा राहिलो. हौसेने नव्हे. आमच्या लेकीचे, अंजनाचे, लग्न पार पडले की पुष्पलताला एक सिनेमा दाखवीन, असे मी कबूल केले होते. दुकानातले भांडेसुद्धा मी टिचकी मारून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. मग घरच्या माणसाला न पाहिलेला सिनेमा कसा दाखवू?

हाही कसोटीला उतरला नाही. नायक देवळात जाऊन देवाला वाटेल तसे बोलतो, तेही बुटांसकट. पुजारी शेजारी उभा असून एक शब्द काढत नाही. शंका राहू नये म्हणून काल पुन्हा पाहिला. बूट होतेच.

त्याआधीच्या सिनेमात नायिका धबधब्याखाली नाचली. ते गाणे मी मान खाली घालून काढले, दुसऱ्या खेपेलाही. डाकूंच्या सिनेमात घोडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावला, त्याला पाणी कोणी दाखवले नाही. बर्फातला बरा होता, पण आई वारली त्याच आठवड्यात नायिकेने गाणे म्हटले. हे सगळे मी जेवताना पुष्पलताला सविस्तर सांगतो. ती ऐकून घेते.

भावजींना नमस्कार. तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रुपराव


काटोल,
दि. १७ फेब्रुवारी १९७४

चि. रुपरावास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. घोड्याचे वाचून तुझे भावजी हसले. मी हसले नाही.

पुष्पलता परवा नातीच्या बारशाला आली होती, तेव्हाचे तिने तुला सांगितले नसेल. दुपारी आम्ही बाया वाती वळत बसलो होतो. तिने तो बुटांचा सिनेमा असा रंगवून सांगितला, की माझ्या जावेने, जयवंताने, हातातला कापूस खाली ठेवला. मग जयवंताने सहज विचारले, की गाण्यात नायिकेची साडी कोणत्या रंगाची होती वं? पुष्पलताला सांगता येईना. बाया हसल्या. ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेली.

मी मागोमाग गेले. तर म्हणाली, "ताई, आता मी त्याईले म्हनतच नाही. मले सारे शिनेमे पाठ झाले, अन एकबी पायला नाही."

काहून गा असं करून राहिला तू? सारख्या टिचक्या मारल्या तर भांड्यालाही पोचे पडतील. आता आधी पाहायचे नाही. तिला घेऊन जायचे.

जिवाला जप, आणि माझा राग धरू नकोस.

तुझी,
ताई


नागपूर,
दि. २५ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. सिंधूताईस,
रुपरावचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र दुकानात वाचले आणि संध्याकाळी देवापुढे बसून पुन्हा वाचले.

काल पुष्पलताला सिनेमाला नेले. मी तो पाहिलेला नव्हता. रिक्षात ती शेजारच्या इंदूबाईंनी दिलेला गजरा सावरत होती.

सिनेमा वाईट निघाला. नायक दारुडा, नायिकेचा बाप जुगारी. मध्यंतराआधी दोघांचे पळून जायचे ठरले. दिवे लागताच मी तिला सांगितले, की हा घरच्यांना दाखवण्याजोगा नाही, आपण उठू. मी उठलोही. ती उठली नाही. पदर नीट करून म्हणाली, "मंग तुम्ही बाहेर बसा न. मी पाहून येतो, अन तुमाले सांगतो कसा हाय तं."

मागच्या गृहस्थाने विचारले, की काकाजी, बसता का सरकता? तोवर पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती, आणि पुष्पलता तीसुद्धा डोळ्यांची पापणी न लववता पाहत होती. मी सरकलो.

बाहेर शेंगदाणेवाल्याशेजारी बाकावर बसलो. आतून गाणी आणि मारामारी ऐकू येत होती. दार ढकलून पाहावेसे वाटले. पाहिले नाही. सुटल्यावर ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, पण फार प्रसन्न अशी बाहेर आली. घर येईपर्यंत तिने मला सगळी गोष्ट सांगितली. मला मधेच एक शंका आली होती, ती विचारली नाही.

आज सकाळी शुक्रवारच्या नव्या सिनेमाची आगाऊ तिकिटे काढून आणली. एक पुष्पलताचे, एक इंदूबाईंचे. माझे काढले नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
रुपराव