बस उशिरा वळते

४ जून

मिळाला! डेपोच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, साहेबांनी मला नेऊ दिला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याच्याच समोर बसून वेळापत्रकं भरत होतो. आता त्याच्यावर बस चालवायचा गेम टाकायचा. स्टिअरिंग मेहुण्याकडून आणलंय. पंचवीस तारखेला चाचणी — पास झालो तर पुन्हा माझी गाडी, नाही तर निवृत्तीपर्यंत खुर्ची. खुर्चीत गंज चढेल मला.

५ जून

गेम सुरू होतो, पण अडखळत. वळणावर बस उशिराच वळते. फुटपाथवर चढली. यंत्रच म्हातारं, त्याला काय बोलणार?

९ जून

रॅम वाढवली. चित्र छान दिसतं. बस फुटपाथवरच.

१३ जून

ग्राफिक्स कार्ड आणलं, तर डबा बारीक आणि कार्ड उंच! झाकण बसेना. उघडंच ठेवलंय. ही म्हणाली, "अहो, धूळ बसेल." स्क्रू डाव्या हातातून सारखा पडत होता. हल्ली स्क्रूसुद्धा धड बनवत नाहीत.

१४ जून

दुपारभर चालवली. थांबा हुकला, खांब उडवला. खांबच होता म्हणा, माणूस नव्हे. हिला म्हटलं, हार्ड डिस्क बदलायला हवी.

"नाचता येईना —" एवढं म्हणून ती थांबली. पुढचं गिळलं. मी भरल्या ताटावरून उठलो. उठायला नको होतं. तिने तरी ते काढावंच कशाला?

१८ जून

नवी डिस्क बसली. दुकानदाराने स्वतः गेम लावून पाहिला. "काका, आता याच्यात बदलण्यासारखं काही उरलं नाही." मग बस उशिरा का वळते, हे त्याला विचारलं नाही. घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या. जीव थाऱ्यावर नाही. डेपोत सगळे विचारतात, "काय ड्रायव्हरसाहेब, कधी येताय?" मी छाती काढून सांगतो, पंचवीसला!

२१ जून

स्टिअरिंगच खराब असणार. मेहुण्याने फुकट दिलं तेव्हाच कळायला हवं होतं.

२२ जून

स्टिअरिंगचा दोष दाखवायला हिलाच बसवलं. हिने आयुष्यात सायकल चालवली नाही. जीभ दातांत धरून तिने चाक फिरवलं, आणि फिरवताक्षणी बस वळली. नीट थांब्याला लागली. माझ्याकडे न बघताच विचारलं, "बरोबर केलं ना हो?"

बरोबर केलं. कॉम्प्युटरला काही झालेलं नाही.