यांच्या वजनाची वाळू

मी, खाली सही करणारी, वजनकाटे बनवणाऱ्या कारखानदाराची विधवा. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने हे लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझी पुस्तके तिच्या नवऱ्याच्या हाती लागू देऊ नयेत. तो पाने दुमडतो.

२. यांच्या पश्चात कंपनीचे जवळजवळ सगळे समभाग माझ्या नावावर झाले. थोडे यांच्या भागीदार बाईंकडे आहेत. कारखान्यात त्यांना सगळे मॅडम म्हणतात. माझे समभाग त्यांना विकू नयेत. पुतणीने सभा बोलावून कंपनी विसर्जित करण्याचा ठराव करावा आणि अवसायक नेमावा. अवसायक म्हणजे बंद होणाऱ्या कंपनीचे सगळे आवरून देणारा माणूस. हा शब्द मी वाचनालयात बसून शिकले. त्याने कामगारांची आणि इतरांची देणी चुकती करावीत, यंत्रे विकावीत, कंपनीचे नाव सरकारी नोंदीतून काढून टाकावे.

कंपनी उत्तम चालते, हे मला ठाऊक आहे. हे गेले आणि ती धडधाकट आहे, ते मला बघवत नाही.

३. कारण विचारले जाईल, म्हणून लिहिते. मोठा काटा तयार झाला की हे आणि मॅडम त्यावर जोडीने उभे राहत. दोघांचे मिळून वजन बरोबर भरले तरच काटा बाहेर जाई. मी जन्मभर यांना जेवू घातले, पण यांचे वजन मला कधी कळले नाही. मॅडमना ते पावशेराच्या फरकाने माहीत.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "वहिनी, साहेब वजनाने उतरलेत हो. डॉक्टरांना दाखवा."

"घरात मी आहे ना बघायला," मी म्हटले.

पण मला दिसले नव्हते. त्यांना दिसले होते. वजन उतरले ते आजारानेच, आणि त्यातच हे गेले. त्यांना आधी दिसले, हे मी त्यांना माफ केलेले नाही.

४. हे गेल्यावर मॅडमनी एका गोणीत यांच्या वजनाइतकी वाळू भरली. आजाराआधीच्या, भरल्या अंगाच्या वजनाइतकी. आता त्या गोणीशेजारी उभ्या राहून काटे तपासतात. मी ती घरी मागितली, तर म्हणाल्या, "वहिनी, गोणी नेलीत तर मी काटा तपासू कसा?"

"आणि मी घर कसं चालवते, ते कधी विचारलंत?"

गोणी तिथेच राहिली. शेवटी माझ्या हाताला आलेले हे अगदी हलके होते. भरलेले हे अजून त्यांच्याकडेच आहेत.

५. कंपनी बंद होताच ती गोणी पुतणीने घरी आणावी आणि यांच्या खिडकीखालच्या मातीत रिकामी करावी. मॅडमना मूठभरही देऊ नये.

६. तपासणीचा जुना काटा मात्र विकू नये. तो मी मॅडमना देत आहे. त्यांनी त्यावर एकटीने उभे राहावे आणि एकटीचे किती भरते ते बघावे. माझे मी बघितले आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: चौदा मार्च

सही: (कारखानदाराची पत्नी)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली; त्या वेळी बाई पूर्ण शुद्धीत होत्या आणि आम्हाला चहा देऊन मगच सहीला बसल्या.
साक्षीदार: खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही)
साक्षीदार: वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल (सही)