रिकामे डबे

३ मार्च

चि. टकळीस काकाचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी देवाला नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने कारखान्यावर गेलो. तुझ्या काकूने डबा दिला नाही. वस्तीतल्या एकाही बाईने आपल्या माणसाला दिला नाही. कारखान्याचं रंगाचं पाणी विहिरीत उतरतंय, म्हणून सगळ्या फाटकासमोर बसल्या आहेत. युनियनने एक दिवस काम थांबवावं, एवढंच त्यांचं मागणं.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. संप हवा त्याने डबा जमिनीवर ठेवायचा, नको त्याने हातात धरायचा. त्या दिवशी कुणाकडेच डबा नव्हता. मी पडलो सरचिटणीस. मत घेता येत नाही असं सांगून सभा मोडली आणि बायकांना वळसा घालून आम्ही मागच्या दाराने आत गेलो. काकू म्हणाली, डबा नाही म्हणून मत नाही, मग पूजेची घंटा हरवली की तुमचा देवही नैवेद्यावाचून उपाशीच राहत असेल.

अभ्यास कुठवर आला ते कळव. माया आहेच.

तुझा काका

११ मार्च

ती. काकांस शि. सा. न.

युनियन आणि चळवळी एकत्र अभ्यासायच्या, हा माझा विषय. दोन्हींची फारकत का होते, यावर मी पानंच्या पानं खरडली. तुम्ही ती एका सकाळीत करून दाखवलीत.

रागावू नका, काका. बायकांनी डबे घरीच खाली ठेवले होते. मत पडलं होतं, तुम्ही ते धरलं नाही.

काकूला जपा. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.

तुमची टकळी

१९ मार्च

चि. टकळीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पोलिसांनी बायकांना ओढून गाडीत घातलं. आत यंत्रांच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. काकूचा हात गळ्यात बांधलाय, तरी ती फाटकासमोर बसते. सोबत फक्त शेजारची शिंपीण. बाकीच्या घरी परतल्या, डबे पुन्हा भरू लागल्या. विहिरीचं पाणी आता जांभळं दिसतं.

आज सकाळी मी सभा बोलावली. काकू अजून डबा देत नाही, म्हणून फडताळातला रिकामाच घेऊन गेलो. मत मागितलं. सगळ्यांनी डबे हातात धरले, नजर मात्र कुणी वर केली नाही. देवाकडे काही मागावंसंही वाटलं नाही.

तुझ्या अभ्यासात आम्हाला कमी गुण दे, लोभ मात्र कापू नकोस.

भोंगा झाला तेव्हा मी माझा डबा काकूपुढे जमिनीवर ठेवला आणि तिच्याशेजारी बसलो. सगळे आम्हाला वळसा घालून आत गेले.

तुझा काका