सतरा नंबरचा गोटा

१३ नोव्हेंबर २००५, रविवार
कचारगड. मोठ्या गुहेची लांबी-रुंदी आज मोजून पुरी झाली. छताची उंची अंदाजाने लिहिली आहे, तसं वहीत स्पष्ट म्हणायला हवं. वटवाघळांचा वास कपड्यांतून जात नाही. घरी आल्यावर वंदनाने शर्ट अंगणातच काढायला लावला.

सोबत नेहमीचा सुखराम. तरुणपणी पलीकडच्या डोंगरातल्या मँगनीजच्या खदानीत कामाला होता. ती बंद पडली तेव्हापासून वाटाड्या. त्याची एक रीत आज नीट विचारून घेतली. आत शिरताना प्रत्येकाने एक गोटा तोंडाशी ओळीत ठेवायचा. बाहेर आलं की ज्याचा त्याने उचलून पाठीमागे फेकायचा, वळून बघायचं नाही. ओळीत गोटा उरला तर माणूस आत आहे. दुसऱ्याच्या गोट्याला हात लावायचा नाही.

"खदानीत हजेरीबाबू होता, तो पिऊन चुके," म्हणाला. "गोटा नाई चुकत."

वहीत 'लोकरीती' या मथळ्याखाली उतरवलं. पुढच्या रविवारी ती खदान.

२० नोव्हेंबर, रविवार
खदान झाली. दमलो आहे, थोडक्यात.

कॉलेजचे आम्ही पाच, सुखराम, आणि सामान धरायला त्याच्या बहिणीचा नवरा मंगलू. तिशीचा. बोलत नाही, नुसता हसतो. आमचा बिसेन (इतिहास शिकवतो) त्याच्या मागेच लागला, "मंगलूभाऊ, लग्नात तरी हो म्हटलं होतं का?" सुखराम म्हणाला, "माह्या बहिणीनं दोघायचंबी म्हणून टाकलं." मंगलू हसला.

आडवा बोगदा, दोनशे पावलं सरळ, मग तीन फाटे. उजव्या फाट्यात जमिनीवर कुजक्या फळ्या, खाली पोकळ. तिकडे सुखरामने कोणाला जाऊ दिलं नाही. मला धाप लागली म्हणून सगळ्यांच्या आधी बाहेर आलो. माझा गोटा फेकला आणि तोंडाशी बसून दगडांचे नमुने गोळा केले. एकवीस झाले. मग एकेक जण बाहेर आले. बिसेन बोगद्यात तोंड घालून स्वतःचंच नाव ओरडला, प्रतिध्वनी ऐकायला. एकदा आला, मग थोड्या वेळाने अजून एकदा, वेगळाच. खूप हसलो.

सुखराम शेवटी आला. त्याने आपला गोटा फेकल्यावर ओळीत एकही उरला नव्हता. मंगलू दिसत नव्हता. "उतरला वाटते मोहाच्या वाटेनं," म्हणाला. न सांगता निघून जायची त्याची सवय आहे म्हणे. आम्ही जीपने परत.

२३ नोव्हेंबर, बुधवार
मंगलू खदानीत सापडला. मेलेला.

बिसेनला फोन आला होता, त्याने स्टाफरूममध्ये सांगितलं. सुखरामला वाटलं तो घरी पोचला. बायकोला, जमुनाला वाटलं सुखरामकडे राहिला. दोघांचे टोले, म्हणजे वस्त्या, डोंगराच्या दोन बाजूंना. काल ती भावाकडे विचारायला गेली तेव्हा कळलं, की तो कुठेच नाही.

उजवा फाटा. फळी मोडून खाली पडलेला. मांडीचं हाड मोडलेलं. खिशातली आगपेटी रिकामी. जळलेल्या काड्या शेजारी एका रेषेत ठेवलेल्या.

म्हणजे लगेच नाही मेला.

तिसरा तास घेतला. काय शिकवलं आठवत नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
पंचनाम्याला गेलो. जमादाराला मजकूर सुचेना, म्हणाला, सर तुम्हीच सांगा. मी सांगितला: 'सर्व इसम बाहेर आल्याची स्थानिक पद्धतीने खात्री झालेली होती. मयत हा नंतर एकटाच पुन्हा आत गेला असावा.' खाली सही केली. जे माहीत होतं ते लिहिलं.

टोल्यावर लोक आधीपासूनच बोलत होते. आत जुने रूळ आहेत. "लोखंड काढाले गेला असन पलटून. भंगारवाला येतेच ना सोमवारी." कोणीतरी हसलंही.

जमुना एका बाजूला बसली होती. रडत नव्हती. एकदम म्हणाली, "बाहेर आला म्हणता ना? मंग त्यानं गोटा फेकला असन. थो गोटा दाखवा मले."

जमादाराने कागदाची घडी घातली.

११ डिसेंबर, रविवार
सुखरामकडे जाऊन आलो. खंगला आहे. जमुना रोज डोंगर चढते म्हणे. खदानीच्या तोंडाखालचा उतार चाळते. धान कापायला जात नाही. बाया चिडवतात, "काऊन वो, हिरा पडला का तुहा?"

विचारलं, एवढ्या दगडांत ओळखणार कसा? सुखराम म्हणाला, "मी पायलो होतो ना ठेवताना. काळा, आन् मधातून पांढरी रेघ. करदोडा बांधल्यावानी."

पुढे तो आणखी काही बोलत होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

बसमध्ये डोळे मिटून बसलो. नमुन्यांची पिशवी त्या दिवसापासून उघडलेली नाही.

१२ डिसेंबर, सोमवार
आहे. नमुना क्र. १७. काळा, मधून गारगोटीची पांढरी शीर. चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझं अक्षर: 'खाणीचे तोंड, डावी बाजू, पृष्ठभागावर सुटा.'

सुटा.

ओळ मोडली होती का तेव्हा? मी पहिला बाहेर आलो, म्हणजे फक्त माझाच उचललेला होता, ओळ जवळजवळ पुरीच असणार. मग हा मला ओळीबाहेर कसा दिसला? दिसला, की चांगला नमुना म्हणून बाकीचं दिसलंच नाही? आठ दिवस आधी ही रीत मी माझ्या हाताने वहीत लिहून घेतली होती. त्या दिवशी सकाळी मीही माझा गोटा ठेवला होता, तो फेकलाही. म्हणजे खेळ म्हणून केलं सगळं. लिहून घेतली की गोष्ट वहीतली होते, डोंगरावरची राहत नाही, असं काहीसं. हीसुद्धा सबबच.

हा जागेवर असता तर सुखराम तिथूनच मागे फिरला असता. दोनशे पावलं. आणि बिसेनच्या हाकेमागून आलेला तो दुसरा आवाज.

१८ डिसेंबर, रविवार
बिसेनला सांगितलं. आधी विश्वास बसेना. मग म्हणाला, "सर, तुमी काऊन जिवाले लावून घेऊन राहिले? जानबूझके तो नहीं किया ना? तलावात टाका अन् विसरा." चांगला माणूस आहे. पण तो त्या आवाजाबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि मीही काढला नाही.

वंदनाला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. "तिला सांगून तिचं भलं होणार, की तुमचं?"

१ जानेवारी २००६, रविवार
लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितो. आज गोटा घेऊन खदानीवर गेलो होतो. चिठ्ठी काढून उतारावर कुठेतरी टाकून यायचं, जमुनाला तो आपोआप सापडेल, तिचं शोधणं थांबेल. हे दयेचं वाटत होतं.

अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. फेकलेला गोटा सापडला, तर मंगलू बाहेर आला होता हेच सिद्ध होतं. मग तो लोखंडासाठीच परत गेला, हे लोकांचं बोलणं कायमचं खरं. तिच्याच हाताने तिला खोटं सापडलं असतं, आणि ते मी पेरलेलं.

परत फिरलो. पण अर्ध्या वाटेपर्यंत गेलो होतो हे खरं आहे.

तो उजव्या फाट्यात का गेला, मला माहीत नाही. रुळांसाठी असेल, लघवीला असेल. गोटा एवढंच सांगतो, की तो बाहेर आलाच नव्हता आणि आम्ही त्याला ठेवून आलो.

२२ जानेवारी, रविवार
सुखरामला सांगितलं. गोटा पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

म्हणाला, "म्हंजे माही मोजनी बराबर होती."

मग म्हणाला, "सांगतलं होतं ना सर तुमाले. तुमी तर लिहून घेतलं."

मी म्हणालो, तूच सांग जमुनाला, तुझं ऐकेल. त्याने मान हलवली. "माह्या तोंडानं नाई होत. तुमीच जा. गोटा तिच्या हातात द्या. ते ठेवन का तुमच्या टाळक्यात घालन, तिचं तिले."

निघताना चपला घालत होतो, तेव्हा मागून म्हणाला, "दोन महिने मी मलेच शिव्या देऊन राहिलो होतो, सर."

पंचनाम्यातला मजकूर चुकीचा आहे असा अर्ज लिहून ठेवला आहे. ठाण्यात द्यायचा आहे. पण आधी तिला.

५ फेब्रुवारी, रविवार
उतारावर बसून लिहितो आहे.

अर्धा उतार तिने साफ केला आहे. बघितलेल्या दगडांचे ढीग रचलेत, गुडघ्याएवढे. मी चढून आलो तेव्हा पाठमोरी होती. वळून म्हणाली, "सर, तुमीबी शोधाले आले?" माझा श्वास पुरेना. तिला वाटलं, आलोच आहे.

"तिकडचं पाहून झालं. तुमी बोरीपासून धरा. काळे तेवढे पाहा."

मी बोरीपासून धरलं. चार-पाच दगड खरंच उचलून बघितले, पिशवी खांद्यावर असताना. हे मी का केलं ते आज रात्री स्वतःला विचारेन.

मग "जमुनाबाई," म्हणालो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबा, तुमाले धाप लागली. पयले पानी पिऊन घ्या." आणि खाली झऱ्यावर गेली.

गोटा पिशवीतून काढून शेजारी ठेवला आहे. चिठ्ठी खरवडून काढावी असं क्षणभर वाटलं. नखही लावलं होतं. नको. तिला वाचता येत नसलं तरी माझंच अक्षर आहे, राहू दे.

लोटा घेऊन चढते आहे. दमानं. पाणी सांडू नये म्हणून तिचं लक्ष अजून लोट्याकडेच आहे.