जागेवर नाही

माय, तुला समुद्र माहीत नव्हता. मी तरी कुठं पाहिलाय? एकदाच, ऑफिसच्या सहलीत, तोही ओहोटीच्या वेळी, म्हणजे निम्मा चिखलच पाहिला. तरी गेली नऊ वर्षं मी समुद्रातल्या बोटींना पुढं काय धोका आहे ते सांगायचं काम करते. तेही समुद्रापासून इतक्या लांब, उस्मानपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हितं नळाला आठ-आठ दिस पाणी नाय, अन् तू समुद्राच्या गोष्टी सांगती व्हय गं?" तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि या कामाबद्दल तुला कधी सांगायची वेळच आली नाही, म्हणून आधी काम सांगते.

समुद्रात रोज काहीतरी बिघडतं. कुठं खडकावरचा दिवा विझतो, कुठं तळाशी केबल टाकणारं जहाज आडवं उभं राहतं, कुठं जहाजावरून पडलेला कंटेनर तरंगत येतो, कुठं गोळीबाराचा सराव असतो. त्या-त्या वेळी सूचना निघते, इंग्रजीत, जुन्या तारेसारखी मोजक्या शब्दांत. मोठ्या जहाजांना तेवढं पुरतं. मासेमारीच्या बोटींसाठी ती मराठीत करावी लागते. मग ती त्यांच्या फोनवर जाते आणि काही बंदरांवर भोंग्यावरून वाचून दाखवतात. हे मराठी करायचं कंत्राट आमच्या मालकांनी घेतलं, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार कॉम्प्युटरला समुद्र लागत नाही. मलाही वाटलं, सोपं आहे. दोन ओळी इकडच्या तिकडं करायच्या.

पण पहिल्याच आठवड्यात मला तू आठवलीस, चितेगावच्या कंपनीतली. तू तिथं झाडलोट करायचीस आणि ड्रम धुवायचीस. एका संध्याकाळी तू घरी आलीस ती थेट चुलीपुढं बसलीस. पीठ मळतेस, पण हात आपटून. मी विचारते काय झालं, तर म्हणतेस, काय नाय. भाकरी थापता थापता मग सगळं बाहेर येतं. नवा सुपरवायझर आला होता, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. तो तुला म्हणाला, "बाई, हे सगळे ड्रम खाली करा," आणि निघून गेला. तू थप्पीवरचे ड्रम एकेक करून खाली उतरवलेस, भिंतीकडेनं ओळीत मांडलेस, वर फडकंही मारलंस. त्याला ते रिकामे करून हवे होते. सगळ्यांसमोर तो तुला अडाणी म्हणाला.

मी हसले, माय. मी सातवीत होते आणि मला ते फार गमतीचं वाटलं. तू लाटेसारखी अंगावर आली नाहीस, आवाजही चढवला नाहीस. तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "हासू नको. त्याचं खाली येगळं, माझं खाली येगळं. त्यात मी अडाणी कशी? तू शिकायलीस, उद्या तूबी लोकांना सांगशील हे करा, ते करा. तव्हा सांगून मोकळी होऊ नको. त्याला इचार, तुला काय कळलं? त्यानं बरुबर सांगितलं, मंग तुझं सांगणं झालं." मला तेव्हा ते बोलणं रागाचं वाटलं होतं. विहारातल्या भाषणांत ज्ञानाबद्दल किती ऐकलं, पण पुढं आयुष्यात जे कामाला आलं ते हे एवढंच.

ते मी खरंच पाळलं. आमच्या ऑफिसात झाडायला एक मावशी येतात, देवगाव रंगारीकडच्या, धनगराच्या. घरी अजून मेंढरं आहेत. त्यांना बोटीतलं काही कळत नाही, म्हणूनच त्या मला बऱ्या वाटल्या. सूचना लिहिली की मी ती मावशींना वाचून दाखवायचे आणि विचारायचे, काय कळलं? त्या झाडू काखेत धरून सांगायच्या. एकदा मी लिहिलं होतं, "जहाजाला पुरेसे अंतर द्यावे." त्या म्हणाल्या, "मंजे त्याला वाट द्यायची, आपुन थांबायचं." मी ते खोडून "जहाजापासून लांबून जावे" असं केलं. सहा-सात वर्षं असं चाललं. मग सूचना वाढल्या. पूर्वी दिवसाला पाच-सहा यायच्या, आता तीस-चाळीस येतात, त्यात जुन्या रद्द झालेल्या वेगळ्या. मालक म्हणाले, "मॅडम, वाचून दाखवायला हे काय कीर्तन आहे?" पण त्यांच्यावर ढकलून उपयोग नाही. त्यांनी बंद करा असं कधी म्हटलं नाही. मी दमले होते. मान दुखते, डोळ्यांतून पाणी येतं, एकसारखीच वाक्यं दिवसभर. एक दिवस मावशींना हाक मारली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग ते सुटलंच.

या पावसाळ्यानंतर एक सूचना आली. कोकणातल्या एका बंदराबाहेर पाण्याखाली खडक आहे. त्याची खूण म्हणून तिथं बोया बांधलेला असतो, म्हणजे साखळीनं तळाला अडकवलेलं मोठं तरंगतं पिंप. बोया दिसला की बोटींनी त्याच्या कोणत्या बाजूनं जायचं ते ठरलेलं असतं. तो बोया साखळीसकट सरकून भलत्याच ठिकाणी तरंगत होता. इंग्रजीत यासाठी दोनच शब्द होते, 'ऑफ स्टेशन'. मी लिहिलं, "खडकाजवळचा बोया जागेवर नाही. सावध राहावे." मिनिटभरही लागलं नाही. पुढची सूचना उघडली.

त्या दिवशी दुपारी एक बोट बंदरात परतताना त्याच खडकावर चढली. तळ फाटला. शेजारच्या बोटीनं सगळ्यांना उचललं म्हणून माणसं वाचली, पण एका खलाशाचा पाय दोन फळ्यांत सापडला आणि गुडघ्याखाली काढावा लागला. चौकशी सुरू झाली. बोट चालवणाऱ्या तांडेलानं सूचना मिळूनही दुर्लक्ष केलं, असं पहिल्या कागदात आलं. तसंच ठरलं तर त्याला पुन्हा बोट हाकता येणार नाही, आणि त्या पायाचा दोष जन्मभर त्याच्या माथी. आमच्याकडं फक्त एक प्रश्न आला, मराठी मजकूर बरोबर होता का. मालकांनी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहिली. "शब्द तर बरोबर आहेत ना मॅडम? मग लिहा, बरोबर होता. आपण कशाला मध्ये पडायचं?"

शब्द बरोबरच होते. मी उत्तर टाइप करायला बसले आणि पाठवायच्या आधी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मावशी पलीकडं टेबल पुसत होत्या. दोन वर्षांनी त्यांना हाक मारली आणि ते वाक्य वाचलं. बोया म्हणजे काय तेवढं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "मंजे गेला तो. तहसीलला गेलं की म्हणत्यात ना, सायेब जागेवर नायत. मंजे नायतच. घरी जायचं."

माय, मला म्हणायचं होतं, बोया आहे, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. लोकांनी ऐकलं, बोया नाहीच. आणि नाही म्हटलेला बोया जर समोर दिसला, तर कुणालाही वाटणार की आणून लावला. मी उत्तरात तसं लिहिलं. वाक्य माझं आहे, ते फसवं होतं, तांडेलानं ते ऐकूनच बोट हाकली असणार. मालकांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "कंत्राट गेलं तर तुम्हीच सांगा सगळ्यांना." उत्तर गेलं. मजकूर पुन्हा तपासू, असं तिकडून आलं आहे. तांडेलाचं काय होणार ते अजून कुणी सांगत नाही.

मग मी त्याला फोन केला. चौकशीच्या कागदावर नंबर होता. वाटलं, त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. वयस्कर आवाज, मागं कोंबड्या. म्हणाला, "भोंग्यावर ऐकलं, बोया जागेवर नाही. म्हटलं, तुटून गेला असेल. येताना बघतो तर समोर. मला वाटलं, लावला परत." मी म्हणाले, वाक्य माझं होतं, चुकलं. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, भांडायला म्हणून नाही, "बाई, हे पाठवायच्या आधी तुम्ही कुणा साध्या माणसाला वाचून दाखवता का?"

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले, मला सांगता येत नाही. कदाचित इतकी वर्षं ते खरं होतं म्हणून. कदाचित एवढं एक तरी माझ्याकडं राहावं म्हणून. सरकारी कागदावर मी वाक्याची चूक लिहिली, पण मावशींना विचारायचं मी सोडून दिलं होतं हे तिथंही लिहिलं नाही. तांडेल म्हणाला, "मग बाकीच्यांना कळलं असेल. माझंच ऐकण्यात चुकलं." आणि मलाच, काळजी घ्या, म्हणून त्यानं फोन ठेवला.

याला आज अकरा दिवस झाले. मावशींना वाचून दाखवणं पुन्हा सुरू केलंय, चाळीसच्या चाळीस. तांडेलाचा नंबर फोनात आहे. रोज एकदा काढते, त्याच्याकडं बघते आणि पुढची सूचना उघडते.